सुरी हाती येण्यापूर्वी

गेल्या महिन्यात इंदापूरकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी पुण्यात एम.बी.बी.एस. झाली. निकाल लागून आठच दिवस झाले होते आणि पुढच्या आठवड्यात तिची इंटर्नशिप सुरू व्हायची होती. गृहस्थांच्या गळ्यात तुळशीची माळ, हातात पेढ्यांचा पुडा. पुडा टेबलावर ठेवत ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिला सर्जन व्हायचंय. क्लास कुठला लावावा तेवढं सांगा. फीची काळजी करू नका."

मी मुलीला विचारले, "आतापर्यंत किती टाके घातलेस?"

तिने एकदा वडिलांकडे पाहिले. "पाहिलेत खूप, सर. घातले दोनच. तेही सरांनी हात धरून."

यात तिचा दोष नाही. साडेचार वर्षांत एकोणीस विषय पास व्हायचे, वॉर्डात एका रुग्णाभोवती वीस-पंचवीस विद्यार्थी उभे, त्यात सुई कोणाच्या हाती येणार? ऑपरेशन थिएटरमध्येही विद्यार्थ्याला बहुतेक वेळा पुढच्याच्या खांद्यावरून दिसेल तेवढेच दिसते. पण सर्जन होण्याची तयारी म्हणजे क्लास, हे समीकरण आता घराघरांत पक्के झाले आहे. त्याविषयी आज थोडे सविस्तर लिहावे असे वाटले. वाचकांपैकी अनेकांची मुले-भाचे या वाटेवर आहेत, आणि ज्यांची नाहीत तेही कधी ना कधी रुग्ण म्हणून या मुलांच्या हाताखाली जाणार आहेत.

पुण्याचा आणि शस्त्रक्रियेचा संबंध जुना आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली उभ्या राहिलेल्या ससून रुग्णालयापेक्षाही जुना. कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकण्याचे काम करी. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळ, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. ही शस्त्रक्रिया इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली. तिची हकीकत कावसजीच्या चित्रासह १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात छापून आली.

ती कृती वाचण्यासारखी आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतले कातडे सोडवायचे, पण दोन भुवयांमध्ये एक छोटी पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. ते कातडे पीळ देऊन खाली आणायचे आणि नाकाच्या जागी खाचेत बसवायचे. टाके नाहीत. पाण्यात भिजवलेल्या काताचा लेप कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेले कापड ठेवायचे, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची. भूल देण्याचे औषध तेव्हा जगातच नव्हते, हे लक्षात घ्या.

ही हकीकत लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने वाचली. त्याने काय करावे? लगेच पाटी लावून गिऱ्हाईक शोधले नाही. मृतदेहांवर तो ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून पाहत राहिला. जिवंत माणसावर त्याने ती केली १८१४ साली, म्हणजे लेख छापून आल्यावर वीस वर्षांनी. ती यशस्वी झाली, पुढची दुसरीही झाली, आणि १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. युरोपात नाक करण्याच्या शस्त्रक्रियेला पुन्हा चालना मिळाली ती तिथून. पुण्याजवळच्या त्या कारागिराचे नाव मात्र कोणी नोंदवून ठेवले नाही.

वीस वर्षे थांबा असे मी कोणाला सांगणार नाही. पण जिवंत माणसाच्या आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसला पाहिजे, ही गोष्ट सुश्रुतानेही सांगून ठेवली आहे. सुश्रुतसंहितेत याच्यासाठी स्वतंत्र अध्यायच आहे. सरावाला तिथे 'योग्या' म्हणतात. छेद घेण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करायचा. फोडण्याचा सराव पाणी किंवा चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. टाके घालायचे ते जाड-बारीक कापडाच्या काठांवर आणि मऊ कातड्यावर. पट्टी बांधायला चक्क माणसाएवढा बाहुला करायचा. ज्याने सगळे शास्त्र पाठ केले पण हा सराव केला नाही तो काम करायला लायक नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

आता आपल्याकडे काय चालते ते पाहू. एम.बी.बी.एस.नंतर एक वर्षाची इंटर्नशिप सक्तीची असते. २०२१ च्या नियमांप्रमाणे या बावन्न आठवड्यांत जनरल सर्जरीला सहा आठवडे, अपघात विभागाला दोन, हाडांच्या विभागाला दोन, भूल आणि अतिदक्षतेला दोन, आणि ग्रामीण आरोग्यासह सामाजिक वैद्यकशास्त्राला बारा आठवडे आहेत. शिवाय चार आठवडे ऐच्छिक विषयांसाठी असतात.  हे काही थोडे नाहीत. पण इंटर्नशिप संपते न संपते तोच 'नीट-पी.जी.' परीक्षा समोर असते. दोनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. सर्जरीची जागा मिळणार की नाही हे त्या एका दिवशी ठरते. त्या दोनशे प्रश्नांत एकही प्रश्न हातांना विचारलेला नसतो.

त्यामुळे मुले इंटर्नशिपमध्ये हजेरी लावतात आणि अभ्यासिका गाठतात. पुण्यात सदाशिव पेठेपासून कात्रजपर्यंत अशा अभ्यासिका भरलेल्या आहेत. मला या मुलांवर रागावता येत नाही. परीक्षा तशी, म्हणून मुलेही तशी. पण जी मुले वर्षभर अपघात विभागात एकही रात्र मनापासून काढत नाहीत, त्यांनी सर्जरी का निवडली याचे उत्तर त्यांनी स्वतःला तरी द्यावे. कारण एम.एस.च्या पहिल्याच महिन्यात मध्यरात्री रुग्ण समोर येतो, सीनियर थिएटरमध्ये अडकलेला असतो, आणि तेव्हा हाताला जे येते तेवढेच उपयोगी पडते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट. रुग्णालय कुठले ते महत्त्वाचे नाही. रात्री एक शिंपीकाम करणारा तरुण आला. खिडकीची काच फुटून उजव्या हाताच्या तर्जनीच्या बुंध्याशी जखम झाली होती. जखम लहान, रक्त थांबलेले. मी ती धुतली, सुन्न करण्याचे इंजेक्शन दिले, चार टाके घातले. टाके इतके एकसारखे आले की मी ते शेजारच्या नर्सबाईंना दाखवले. तिसऱ्या दिवशी तो ड्रेसिंगला आला तेव्हा त्याला बोटाचे टोक वाकवता येईना. आमच्या सीनियरनी बोट पाहिले आणि मला एवढेच विचारले, "टाके घालण्याआधी वाकवून पाहिलं होतंस?" मी पाहिले नव्हते. बोट ओढणारी दोरी, जिला आम्ही टेंडन म्हणतो, ती आत तुटलेली होती आणि मी वरून सुबक शिवण घालून दिली होती. त्याची पुन्हा शस्त्रक्रिया झाली. पुढे बोट चालू लागले, पण पूर्वीसारखे नाही. आणि त्या माणसाचे पोट कात्रीवर होते.

तपासायला अर्धे मिनिट पुरते. बोटाचा मधला सांधा सरळ धरून टोक वाकवायला सांगायचे. बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श कळतो का ते विचारायचे. आणि हे सुन्न करण्याच्या इंजेक्शनच्या आधी करायचे, कारण नंतर काहीच कळत नाही. पुस्तकात हे लिहिलेले होते आणि मी ते वाचलेलेही होते. पण ते सवयीत उतरले नव्हते. इंटर्नशिप असते ती यासाठी.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले, क्लास लावायचा तर जरूर लाव. परीक्षा द्यायचीच आहे, तिला पर्याय नाही. पण रोज तीन तास अपघात विभागाचे किंवा ड्रेसिंगच्या खोलीचे ठेव. ससूनसारख्या रुग्णालयात जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून अपघाताचे रुग्ण येतात. सोलापूर रस्ता, नाशिक रस्ता, उसाच्या ट्रॉल्या, मोटारसायकली. तिथे एक महिना मन लावून उभा राहिलेला इंटर्न जखम धुणे, गळू फोडणे, लघवीची नळी घालणे, प्लॅस्टरची पट्टी बांधणे हे सगळे शिकून जातो. ड्रेसिंगला पुष्कळ मुले कमी प्रतीचे काम समजतात. मी तर म्हणेन की मधुमेही रुग्णाच्या पायाची एकच जखम सलग पंधरा दिवस स्वतःच्या हाताने साफ करावी. कुठला भाग मेलेला, कुठला जिवंत, पू कोणत्या दिशेने आत चालला आहे, हे डोळ्यांना आणि बोटांना कळू लागते. सुरी कुठे थांबवायची हे त्यातूनच येते.

घरी करण्यासारखेही बरेच आहे. खुर्चीच्या हाताला किंवा टेबलाच्या ड्रॉवरला दोरा अडकवून गाठी मारायच्या. आधी दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग डाव्या हाताने, शेवटी न बघता. गाठ चौकोनी बसली पाहिजे. उलटसुलट पडली तर ती सरकते, आणि रक्तवाहिनीवरची गाठ सरकली तर काय होते हे सांगायला नको. सुई धरण्याचा चिमटा, साधा चिमटा आणि कात्री एवढे साहित्य फार महाग नाही. टाके घालायला फोमचा तुकडा, संत्र्याची साल, केळीची साल चालते. केळीची साल चांगली, कारण जरा जोर जास्त झाला की ती फाटते आणि चूक लगेच दिसते. खऱ्या कातड्यासारखे हवे असेल तर खाटकाकडून बकऱ्याचा पाय आणावा. हे ऐकताच वडिलांचा चेहरा उतरला. मी म्हटले, "घरी नको, हॉस्टेलवर." ते थोडा विचार करून म्हणाले, "हॉस्टेलवर काय करायचं ते तिनं बघावं. माळ माझ्या गळ्यात आहे."

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठीही आता घरगुती सोय होते. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन भोके पाडायची, वर मोबाइलचा कॅमेरा लावायचा आणि पडद्याकडे पाहत आतले हरभरे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. पहिल्या दिवशी दहा हरभरे टाकायलाही घाम फुटतो.

मुलीने मग हळूच विचारले, "सर, माझा हात थोडा थरथरतो." हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. बहुतेकांचा हात भीतीने आणि झोप न झाल्याने थरथरतो. सरावाने, आणि मनगट टेकवून काम करण्याच्या सवयीने तो स्थिर होतो. काहींना मात्र जन्मजात कंप असतो. मुंबईचे नामवंत सर्जन डॉ. वि. ना. श्रीखंडे यांना असाच कंप होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. तरीही ते पित्ताशय आणि पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियांतले देशातले मान्यवर झाले. त्यांचे '...आणि दोन हात' हे आत्मचरित्र मी नव्या डॉक्टरांना आवर्जून वाचायला सांगतो.

वडिलांना खरी चिंता वर्षांची होती. तो हिशेबही सांगून टाकतो. बारावीनंतर साडेपाच वर्षांनी मुलगी तेवीस-चोवीसची होते. त्यानंतर तीन वर्षांचे एम.एस. किंवा तितकेच डी.एन.बी. डी.एन.बी. अनेक खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत राहून करता येते आणि तीही पूर्ण दर्जाची पदवी आहे, हे पालकांना पुष्कळदा माहीत नसते. एम.एस. करताना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. मुले त्याला कंटाळतात, पण साधे हर्निया आणि अपेंडिक्स तिथेच हाताला लागतात. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांना राज्याची एक वर्षाची सेवा असते. मेंदू, हृदय, प्लॅस्टिक सर्जरी असे काही करायचे तर आणखी तीन वर्षे. स्वतःच्या पायावर नीट उभे राहायला तिशी उलटते. दरवर्षी हजारो मुले प्रवेश न मिळाल्याने एक-एक वर्ष पुन्हा परीक्षेला बसतात, तीही धरावीत.

"मुलीच्या जातीला हे झेपेल का?" हा प्रश्न शेवटी आलाच. झेपते. माझ्या पाहण्यात टाके घालण्याचा, गाठ मारण्याचा हात मुलींचा लवकर बसतो. याला शास्त्रीय आधार काय ते विचारू नका, हे माझे मत आहे. अडचण हाताची नसून घराची असते. मुलगा रात्रपाळीहून आला की त्याला झोपू देतात, सुनेला मात्र स्वयंपाकघरात हाक मारतात.

रात्रपाळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांहून जास्त आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काम साधारणपणे करू नये, असे केंद्र सरकारचे १९९२ चे निर्देश आहेत. सर्जरीच्या वॉर्डात ते कागदावरच राहतात. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने स्वतःच्या शरीराची तयारी आधी करावी. कावीळ 'बी'ची लस शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन वेळा घेतलेली असावी, आणि तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली आहे का ते पाहावे. पुष्कळ इंटर्न दोन डोस घेऊन विसरतात. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि लाज न बाळगता लगेच कळवावे. एच.आय.व्ही.विरुद्धचे औषध दोन तासांत सुरू झाले तर उत्तम, बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. तासन्‌तास उभे राहून पायांच्या शिरा फुगतात, त्याला घट्ट मोजे आहेत. आणि थिएटरमध्ये जाण्याआधी काहीतरी खावे. उपाशीपोटी चक्कर येऊन पडलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहिले आहेत.

आता रुग्ण म्हणून जाणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. मोठ्या रुग्णालयात तुमची जखम शिवायला बहुधा तरुण डॉक्टर येईल. त्याला हाकलून देऊ नका; तोही कोणाच्या तरी हातावरच शिकणार आहे. पण "तुमचे मोठे डॉक्टर जवळ आहेत ना?" असे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करताना सुरी कोण चालवणार आणि देखरेख कोणाची, हे विचारून घ्या. हातापायाची जखम असेल तर बोटे हलवून पाहिली का, तेही विचारा. चांगला शिकाऊ डॉक्टर रागावत नाही.

निघताना वडिलांनी विचारले, "एवढं शिकून ही गावाकडं आली तर काही करता येईल का, का पुण्यातच राहावं लागेल?" मी त्यांना धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्याविषयी सांगितले. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीला आधार म्हणून जाळी बसवतात. ती विकतची जाळी गरीब रुग्णांना परवडत नव्हती. टोणगावकरांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले, सहकाऱ्यांसह त्याची पद्धतशीर चाचणी केली आणि २००३ साली ती 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध केली. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची विकतच्या जाळीशी तुलना झाली. २०१६ मध्ये तिचे निकाल आले, दोन्हींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे काम दोंडाईच्यासारख्या गावात राहून झाले.

परवा मुलीचा फोन आला होता. तिने क्लास लावला आहे, संध्याकाळचा. सकाळी ती ड्रेसिंगच्या खोलीत असते. बकऱ्याचा पाय अजून आणलेला नाही, केळीच्या सालीवर काम चालू आहे आणि केळी खाऊन हॉस्टेलच्या मैत्रिणी कंटाळल्या आहेत. त्या आठवड्यात तिने अकरा टाके घातले होते. त्यातले तीन एका उसतोड कामगाराच्या तळहाताला. "इंजेक्शनआधी बोट वाकवून पाहिलं, सर," ती म्हणाली. "वाकत होतं."